वर्षाचं भरणं, मोठा पुडा आणि खिशात खरंच उरणारे पैसे

परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका दुकानात तेलाचे दोन डबे शेजारीशेजारी ठेवले होते. दोन्ही सोयाबीन तेलाचे, एकाच छापाचे, लांबून बघितलं तर जुळे भाऊ. एकाचा भाव २,१०० रुपये, दुसऱ्याचा २,२५०. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, हा घ्या की, दीडशेनं सस्ता पडतो." मीही तोच उचलणार होते. तेवढ्यात डब्यावरची बारीक अक्षरं दिसली. स्वस्त डबा १५ लिटरचा होता आणि महाग डबा १५ किलोचा.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल तोललं तर साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम. २,१०० ला १३.६५ नं भागलं की किलोचा भाव निघतो १५४ च्या आसपास. १५ किलोचा डबा किलोला बरोबर १५० नं पडतो. थोडक्यात, महाग दिसणारा डबाच स्वस्त होता. त्याच दुकानात एक लिटरची पिशवी १३८ ला टांगलेली होती. अशा पंधरा पिशव्यांचे २,०७० होतात, म्हणजे १५ लिटरचा डबा सुट्या पिशव्यांपेक्षाही तीस रुपयांनी महाग! आणि १५ किलोचा डबा घेऊन पिशव्यांच्या तुलनेत वाचले किती? किलोमागं दीड रुपया, अख्ख्या डब्यामागं जेमतेम पंचवीस. वर रिकामा डबा मिळाला. खरं सांगायचं तर मला नफा त्या डब्यातच दिसला, कारण पुढं त्यात डाळ भरता येते.

भाव रोज हलतात, तुमच्याकडं आज वेगळे असतील. हिशेब करायची रीत मात्र हीच.

"एकदम घेतलेलं स्वस्त पडतं" हे वाक्य आपण कधी तपासून बघत नाही, कारण ते आईकडून आलेलं असतं. आईच्या बाबतीत ते खरंही होतं. फाल्गुन-चैत्रात ज्वारी, तूर, हळद, मिरची, चिंच घरात यायची. अंगणात, गच्चीवर वाळायची. पाखडून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत जायची. आम्ही त्याला भरणं म्हणतो. त्या भरण्यातली बचत पोत्याच्या आकारातून येत नव्हती. माल मुबलक असताना पडलेल्या भावात घेतला आणि टिकवायची मेहनत घरातल्या बायकांनी फुकट केली, तिथून ती येत होती. मार्टातल्या चार किलोच्या धुण्याच्या पावडरीला सुगी नसते. ती मार्चमध्ये घ्या नाहीतर सप्टेंबरमध्ये, भाव कंपनी ठरवील तोच. तरी आपण तो पुडा ट्रॉलीत टाकताना मनात कोठी भरल्याचं समाधान घेतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की निम्मा गोंधळ तिथंच सुटतो.

आधी पुड्याचं बघू.

पाकिटावर एमआरपीच्या शेजारी हल्ली आणखी एक आकडा छापलेला असतो. हा माल ग्रॅमला, किलोला, मिलिलिटरला किंवा लिटरला कितीला पडला, ते तो सांगतो. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या सरकारी, नियमांनी तो छापणं बंधनकारक केलंय. लहान पुडा की मोठा, हे ठरवायला याच्याइतकी सोपी सोय नाही. पण त्यात एक गोम आहे. एक किलोच्या आतल्या पुड्यावर भाव ग्रॅमचा असतो आणि एक किलोच्या वरच्यावर किलोचा. अर्धा किलोच्या पावडरीवर ०.१४ रुपये लिहिलेलं, चार किलोच्या पुड्यावर १३८ रुपये. बघणारा गांगरतो. ०.१४ ला हजारानं गुणायचं, म्हणजे १४० होतात. आता हा आकडा दोनच दशांशांपर्यंत छापतात, त्यामुळं ०.१४ म्हणजे किलोला १३५ ही असू शकतात आणि १४४ सुद्धा. शिवाय तो एमआरपीवरून काढलेला असतो, दुकानदारानं सोडलेली सूट त्यात धरलेली नसते. म्हणून सरळ मोबाईल काढायचा आणि आपण देणार ते पैसे भागिले वजन करायचं. दहा सेकंदांचं काम आहे. मागच्या माणसानं रांगेत हुश्श केलं तर करू द्यावं.

हे गणित केलं की कधीकधी उलटंच निघतं. त्याचा सगळ्यात ठळक नमुना म्हणजे शाम्पू. दोन रुपयांच्या पुडीत समजा सहा मिलिलिटर आहे, तर मिलिलिटर पडला ३३ पैशांना. त्याच शाम्पूची ३४० मिलिलिटरची बाटली अडीचशेला असेल तर मिलिलिटर ७३ पैशांना, दुपटीच्याही वर. यात चमत्कार काही नाही. पुडीचा भाव नाण्याला बांधलेला असतो. एक-दोन रुपयांवर गेला की गावाकडचं गिऱ्हाईक दुसरी पुडी घेतं, म्हणून कंपन्या तिथं एकमेकींशी भांडतात. बाटली घेणारा एवढं बारीक बघत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. (पुड्यांचा प्लास्टिक कचरा नालीत जाऊन बसतो, तो हिशेब वेगळा आणि तो कोणाच्याच बिलात येत नाही.)

मोठं घेतल्यानं हमखास फरक पडावा अशी एक जागा मात्र सरकारनंच करून ठेवलीय. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य, डाळी, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी लागला. पण ही आकारणी २५ किलोपर्यंतच्या पाकिटालाच आहे. त्याहून जड कट्ट्याला नाही, आणि मोंढ्यातून सुटं तोलून घेतलं तर मुळीच नाही. तेव्हापासून बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे का दिसायला लागले, ते आता लक्षात येईल. ६० रुपये किलोच्या तांदळात ५ टक्के म्हणजे तीन रुपये, ३० किलोला नव्वद. दुकानदारानं ते तुमच्यापर्यंत पोचू दिले तर ते खरे वाचलेले नव्वद. आता त्या तांदळाला सोंडे लागू द्यायचे नाहीत, एवढंच उरलं. त्याची माझी फजिती पुढं सांगते.

ज्वारीचा हिशेब

आता भरण्याकडं येऊ. मराठवाड्यात भरायचं म्हणजे आधी ज्वारी. रब्बीची शाळू, मालदांडी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, मोंढ्यात ढीग लागतात आणि त्या दिवसांत भाव बहुधा नरम असतो. श्रावणानंतर तीच ज्वारी किराणा दुकानात चढलेली असते. खरिपाची, पावसात सापडून काळी पडलेली हायब्रीड त्याहून स्वस्त मिळते, पण ती भरू नका. भाकरी रुचत नाही आणि ओल धरलेला दाणा टिकतही नाही.

समजा पाच माणसांचं, दोन्ही वेळ भाकरी खाणारं घर आहे. वर्षाला तीन क्विंटल ज्वारी लागते. मार्चमध्ये ३६ रुपये किलोनं घेतली तर १०,८०० रुपये झाले. तीच दर महिन्याला पंचवीस किलो अशी दुकानातून घेतली आणि वर्षाची सरासरी ४३ पडली, तर १२,९००. फरक २,१०० रुपयांचा. हे आकडे मी समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका.

२,१०० वाचले असं म्हणून इथंच थांबणारे पुष्कळ असतात. पण टेम्पो आणि हमाली गेली दोनशे. निवडून काढलेले खडे, काडी-कचरा, पुढं किडीनं-उंदरानं खाल्लेलं मिळून अडीच-तीन टक्के तूट धरा, म्हणजे तीनशे. उरले १,६००.

आणि ज्याच्याकडं कोणी बघत नाही तो खर्च म्हणजे अडकलेले पैसे. एका दिवसात १०,८०० खर्चले. ते सगळे वर्षभर अडकत नाहीत. ज्वारी खाल्ली जाईल तसतसे दर महिन्याला सुटत जातात. म्हणून सोपी रीत अशी, की निम्मी रक्कम, ५,४०० रुपये, वर्षभर अडकली असं धरायचं आणि तिच्यावर व्याज मोजायचं. पैसे सेव्हिंग खात्यातले असतील तर समजा ३ टक्क्यांनी बुडालं १६२ रुपये व्याज. हरकत नाही, चौदाशेच्या वर हातात राहिलेच. पैसे बचत गटातून महिना २ टक्क्यांनी उचलले असतील आणि दर महिन्याला थोडे थोडे फेडले असतील, तर वर्षाचे २४ टक्के, म्हणजे १,२९६. हातात राहिले तीनशे. आणि सावकाराचे महिना ५ टक्क्यांनी घेतले असतील तर व्याजच ३,२४०. ज्वारी तीच, भाव तोच, पण एका घराला चौदाशे वाचले आणि दुसरं घर सोळाशेनं खड्ड्यात गेलं. एकदम घेणं फायद्याचं आहे का, याचं एकच उत्तर सगळ्यांना देता येत नाही ते यामुळं. आधी विचारावं लागतं, पैसे कुठले?

यातून एक कामाचं माप निघतं. व्याज महिन्याला २ टक्के असेल तर वर्षाच्या भरण्यात निदान १२ टक्के फायदा दिसायला हवा, नाहीतर ते करूच नये. १२ का, तर सरासरीनं पैसे सहाच महिने अडकतात. त्यावर तूट आणि हमाली वेगळी.

भरायचं किती, हे काढायच्या आधी रेशनचं धान्य वजा करायला विसरू नका. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदयला कुटुंबामागं ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळतंय. घरात रेशनचा गहू-तांदूळ येत असताना गव्हाचं पोतं भरणारी घरं मी पाहिलीत. दिवाळीनंतर तोच गहू कोंबड्यांपुढं जातो.

तुरीचंही थोडक्यात सांगते. शेतातली किंवा मोंढ्यातली तूर आणून डाळ करून घेतली की स्वस्त पडते, असं लातूरकडचे पाहुणे छातीठोक सांगतात. शंभर किलो तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते. तूर ७५ नं घेतली तर डाळ १०७ ला पडली, त्यात भरडायची मजुरी. मग दुकानातल्या भावाशी ताडून बघा. दारात म्हैस असेल तर चुणी, म्हणजे भरडताना निघालेला चुरा, कामाला येते आणि गणित जमतं. फ्लॅटमध्ये राहून, गच्चीची किल्ली मागत हे करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि घाबरून तर मुळीच भरू नये. २०१५ च्या दसरा-दिवाळीला तूरडाळ किलोला २०० च्या पुढं गेली होती. आणखी वाढेल म्हणून आमच्या गल्लीत दोघांनी कट्टे भरले. २०१६ ला पाऊस चांगला झाला, तूर इतकी पिकली की २०१७ च्या सुरुवातीला खरेदी केंद्रांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. हमीभाव क्विंटलला ५,०५० होता आणि मोंढ्यात तेवढाही मिळत नव्हता. शेतकरी बिचारा बुडालाच, पण महागाईत साठा केलेल्यांचंही हसं झालं. म्हणून पुढची सुगी येईपर्यंत पुरेल त्याहून एक पायलीही जास्त घेऊ नये.

टिकेल तेच भरायचं

आता माझी फजिती. एका वर्षी जुलैमध्ये तांदळाचा ३० किलोचा कट्टा आणला. पावसाळी हवा, मी तो तसाच, शिवण न उसवता, पलंगाखाली सरकवला. गणपतीच्या सुमारास उघडला तर तांदूळ हलतोय असं वाटलं. सोंडेच सोंडे. भिंतीवर चढले, गादीत गेले, लेकरांनी तर मोजायचा खेळ मांडला. चाळून, निवडून, ऊन दाखवून निम्मा वाचवला, पण भाताला कुबट वास येतच राहिला. जीएसटीचे वाचलेले नव्वद रुपये मी त्या दिवशी मनातल्या मनात परत केले. दुकानदाराचा यात दोष असेल-नसेल, पण पावसाळ्यात कट्टा घेणं ही चूक माझीच.

दाणा कोरडा आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. दबला तर ओल आहे. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात दोन दिवस पसरलं की काम होतं. फक्त उन्हातून उचलून गरमगरम पोत्यात भरू नये, सावलीत निवू द्यावं. गरम धान्य बंद डब्यात घाम धरतं आणि कीड तिथूनच लागते.

अख्खं कडधान्य आणि डाळ यांत मोठा फरक आहे. भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो. मूग-मटकीवर पांढरे ठिपके दिसतात ना, तीच ती. आतली अळी दाणा पोखरून, गोल भोक पाडून बाहेर येते. डाळ केली की त्याची ही सोय राहत नाही. म्हणून तूर ठेवायची तर डाळ करून, तळहाताला एरंडेल लावून चोळून ठेवतात. जुन्या बायकांनी हे शास्त्र म्हणून शिकलेलं नव्हतं, पण केलेलं बरोबर होतं. मूग, मटकी, चवळी, हरभरा महिन्या-दोन महिन्यांचाच आणावा.

रवा, मैदा, बेसन पावसाळ्यात भरून ठेवणं म्हणजे किड्यांना आवतण. बाजरीचं पीठ तर आठवड्याचंही एकदम दळू नये, त्यातल्या स्निग्धांशामुळं ते लवकर कडवट होतं. शेंगदाणे सोललेले ठेवले की खवट होतात, शेंगा जास्त तग धरतात. गूळ पावसात पाझरतो. हळद, मिरची, चिंच, मीठ, साबण हे शहाणे जिन्नस, पण मिरचीला कडक ऊन आणि घट्ट झाकण हवंच.

एक गोष्ट मात्र गमतीवारी नेऊ नका. सल्फासच्या गोळ्या फडक्यात बांधून कोठीत टाकायची सवय अजून काही घरांत आहे. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि झोपायची खोली तीच धान्याची खोली असेल तर माणसं दगावतात. राहत्या घरात ती गोळी आणायचीच नाही.

टिकण्याच्या जोडीला हात सैल सुटण्याचाही खर्च असतो. पावडरीची पुडी संपत आली की आपण चिमटीनं टाकतो, चार किलोचा पुडा असला की ओंजळीनं. बिस्किटांचा मोठा पुडा किती दिवस टिकतो, हे लेकरं असलेल्या घरात विचारायलाच नको. पुड्यावर आणल्याची तारीख लिहून ठेवा आणि संपल्यावर दिवस मोजा. लहान पुडा दहा दिवस गेला आणि चौपट पुडा तीस दिवसांतच संपला, तर किलोमागची सूट कुठं गेली ते कळेल. मी हे सहा महिने केलं. साबण आणि मीठ पास झाले, फरसाण पहिल्याच महिन्यात नापास.

ज्याच्याकडं एकदम पैसेच नसतात

सगळ्यात महाग किराणा कोण घेतं? जो सगळ्यात कमी घेतो तो. रोजची मजुरी आली की दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापत्ती, पाव किलो डाळ. त्याला हिशेब कळत नाही असं समजू नका, त्याच्या हातात एका वेळी तेवढेच पैसे असतात. येशिम ओरहून आणि माइक पलाझोलो या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या घरांच्या खरेदीचा अभ्यास केला, आणि वस्तू निवडली टॉयलेट पेपर, कारण तो नासत नाही आणि स्वस्त मिळाला म्हणून कोणी जास्त वापरत नाही. कमी उत्पन्नाची घरं मोठे पुडे कमी घेत होती आणि सवलतीची वाट बघणंही त्यांना परवडत नव्हतं. पण महिन्याच्या सुरुवातीला हातात पैसे आले की तीच घरं बऱ्यापैकी इतरांसारखी खरेदी करत होती. अडचण पैसे कधी हातात येतात, याची होती.

आपल्याकडं बीडचा ऊसतोड मजूर बघा. दसरा-दिवाळीच्या आसपास मजुरीची आगाऊ उचल मिळते आणि फडावर जायच्या आधी तो ज्वारी, मीठ-मिरची, तेल एकदम घेतो. भाव बघून घ्यायला त्याला सवड नसते, कारण उचल सुगीत मिळत नाही. ज्वारी चढलेली असते तेव्हाच त्याच्या हातात पैसे येतात. फेडायची मात्र कोयत्यानं.

यावर मला पटलेला एकच उपाय म्हणजे वाटून घेणं. पोतं एकाला जड, चौघांना हलकं. आमच्या गल्लीत मी आणि आणखी तिघींनी दर महिन्याला साडेचारशे रुपये टाकायची भिशी केली, नंबर लावायचा नाही, पैसे मार्चपर्यंत काढायचे नाहीत, एवढाच नियम. आठ महिन्यांत प्रत्येकीचे ३,६०० जमले. कर्ज नाही, व्याज नाही. यंदा मार्चमध्ये चौघी मिळून मोंढ्यात गेलो, पन्नास किलोची आठ पोती ज्वारी घेतली, ३६ नं. चार क्विंटल म्हटल्यावर आडत्यानं चहाही पाजला.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर वजनकाटा मांडून वाटणी केली. प्रत्येकीला शंभर किलो यायला हवी होती, आली नव्व्याण्णवच्या आत-बाहेर. पुन्हा तोललं, तेवढीच. शेजारच्या मावशींनी रिकामी पोती झटकून घडी घालायला घेतली आणि हातातलं पोतं काट्यावर टाकलं. अर्ध्या किलोच्या वर भरलं. "अगं बायांनो," त्या म्हणाल्या, "आठ पोत्यांचा बारदाना आपुन ज्वारीच्या भावानं आणलाव की!"